बसल्या जागी उतरणारा सेल

माझा दीर जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून त्यांतले सेल काढतो आणि घरच्या दिव्यांसाठी पॅक बनवतो. जोडण्याआधी प्रत्येक सेलवर मार्करने व्होल्टेज लिहितो, आठवडाभर ठेवतो, पुन्हा मोजतो. आज त्याने एक बाजूला काढला.

"हा बसल्या जागी उतरतो, वहिनी. पॅकमध्ये घातला तर शेजारच्यांचंही चार्जिंग पितो."

मी हातात घेतला. बाकीचे गार होते. हा एकटाच कोमट लागला.

सासरे गेल्यापासून सासूबाई दिवसभर खिडकीशी बसून असतात. काही मागत नाहीत. तरी त्यांच्याजवळ तासभर बसलं की मला जिना चढवत नाही. पिणाऱ्याला ते कळतही नसेल.

संध्याकाळी चहा घेऊन गेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"किती गार पडलीस गं," त्या म्हणाल्या.

त्यांचा हात कोमट होता.