कढई विकली नव्हती

“हळदीचा कुकर गावात आला त्या दिवशी मारोतराव काठी घेऊन आडवे आले. यंत्रापुढे काही चालले नाही, तेव्हा त्यांनी वडिलांची कढई भंगारात विकली आणि त्याच दुःखात खंगत गेले.” माझ्या मित्राच्या, मारोतीच्या शोकसभेत एका वक्त्याने हे सांगितले आणि सभेने माना डोलावल्या. त्याला महिना उलटला. डोंगरकडा गावच्या बाजारात आता हेच वाक्य जो तो आपल्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगतो. मी निवृत्त विज्ञानशिक्षक आहे. चुकीची उत्तरे तपासण्यात हयात गेली, आता लाल शाईचाही कंटाळा आला आहे... तरी हे एक उत्तर तपासल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही.

आमच्या भागात ओली हळद शिजवल्यावाचून वाळवत नाहीत. पूर्वी हे काम मारोतीच्या घरची लोखंडी कढई करी. दोन माणसे आत बसतील एवढी मोठी, बाहेरच्या अंगाला त्याच्या वडिलांचे नाव छिन्नीने कोरलेले. हंगामात ती या बांधावरून त्या बांधावर जाई. खाली चर खणून जाळ घालायचा, वर हळदीचा पाला आणि ओली पोती झाकायची. हळद शिजली की नाही, हे मात्र एकटा मारोती ठरवी. तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळल्या झाडाची एक काडी तो हळकुंडात खुपसे. “काडी आरपार गेली पाहिजे,” तो म्हणे, “पण हळदीनं तिला जराशी अडवली बी पाहिजे.” त्या ‘जराशी’चे माप मला कधी कळले नाही. शाळेत मी फळ्यावर बाष्पदाब शिकवत होतो आणि शाळेच्या मागच्या रानात तो चौथी नापास माणूस डोळे चोळत धुरात उभा असे.

त्या धुराचे पुढे काय झाले, तेही सांगून टाकतो. मारोती दम्याने गेला. छातीत जन्मभराचा जो धूर साचला होता तो कढईचा होता, कुकरचा नव्हे. ज्यांना यंत्राने बळी घेतल्याची गोष्ट हवी आहे, त्यांनी आधी कढईपाशी हंगामभर उभे राहून दाखवावे. आणि ज्यांना यंत्र म्हणजे निव्वळ वरदान वाटते, त्यांनी कढईला पाणी वाहणाऱ्या बायकांना गाठावे. चार दिवसांचे काम एका सकाळीत उरकू लागले, तेव्हा त्यांच्या हाताचे काम गेले. शोकसभेत त्यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

कुकर म्हणजे वाफेवर हळद शिजवणारे यंत्र. खाली भट्टी, वर पाण्याची टाकी, बाजूला हळद भरायचे डबे. तो आणला मारोतीच्याच मुलाने, कैलासने. पहिल्या दिवशी मी तिथे होतो, वक्ता नव्हता. यंत्रासोबत आलेल्या माणसाने सांगितले तेवढा वेळ कैलासने घड्याळ लावून वाफ दिली. मारोती काडी घेऊन आला.

“बाबा, हे कढईवाणी नसतंय. ह्याला घड्याळ लागतंय.”

“बरं! मंग इचार त्या घड्याळाला, ही हळद काळ्या रानातली हाय का बरडातली?”

त्याने काडी खुपसली. ती लोण्यात गेल्यासारखी गेली. “झाली का खिचडी? आता हिला वाळवतो का वाढतो पंगतीला? दुसऱ्या डब्याला मी म्हणतो तवा वाफ बंद कर.” बाप ओरडत होता, हातात काडी होती, समोर यंत्र होते. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी एवढेच पाहिले आणि काडीची काठी केली. दुसरा डबा बरोबर उतरला. आज आसपासच्या गावांत कोणत्या रानाच्या हळदीला किती वेळ वाफ द्यायची याचे जे अंदाज चालतात, ते त्या काडीने ठरवलेले आहेत. यंत्र बाहेरून आले, त्याला अक्कल इथे मिळाली.

मीही त्या दिवशी चुकलो होतो. परतताना म्हणालो, “मारोती, तुझी विद्या संपली आता.”

“काहून संपल, मास्तर? जागा बदलून राहिली.”

 

हे सगळे मी कदाचित मनातच ठेवले असते. पण गेल्या आठवड्यात कैलास माझ्या ओसरीवर येऊन बसला. चहा समोर निवत राहिला. “काका, कुकर इकून टाकतो. उद्या गिऱ्हाईक येऊन राहिलं. लोक म्हणतेत, बापाला पोराच्या मशिनीनं खाल्लं. भट्टी पेटवाया हात धजत न्हाई.” त्याच्या मागे दोन लेकरांचे शिक्षण आहे आणि गावाची हळद आहे... आणि माझ्यामागे मारोतीला दिलेला एक शब्द होता. तो मी इतकी वर्षे पाळला. त्या दुपारी मोडला.

पहिल्याच हंगामात भट्टीचे पातळ दार तापून वाकडे झाले होते. नवे जाड दार मारोतीने वेल्डरकडून करून आणले. कढई विकली आणि हा भंगारातला पत्रा आणला, असे त्याने मुलाला सांगितले आणि कैलासने ते मानले. वेल्डरकडे मी सोबत होतो. “नाव सोडून कापू का?” असे वेल्डरने कढईकडे बघत विचारले, तेव्हा मारोती म्हणाला, “नाव धरून काप. अन् ते आतून येऊ दे. माझा बाप जाळाकडंच बघत आला हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “कैलासला सांगू नको, मास्तर. कळलं तर त्या दाराला हात लावणार न्हाई तो.”

मी कैलासला कुकरच्या शेडवर नेले. भट्टी थंड होती. ओल्या पोत्याने त्याने दार आतून घासले. दुसऱ्या दिवशी आलेले गिऱ्हाईक चहा पिऊन रिकामे परतले.

वक्त्याशी वाद घालण्याचे त्राण आता माझ्यात नाही. ज्याला शंका असेल त्याने कैलासच्या शेडवर जावे आणि दार उघडावे. आतल्या अंगाला, काजळीखाली, छिन्नीने कोरलेली तीन अक्षरे आहेत : ग्यानबा.