नाशिकचा शनिवार-रविवार आणि एक न लिहिलेलं नाव

नाशिकला जायचं ठरलं ते फिरोजच्या फोनमुळे. "गंगापूर रोडला मेळा आहे. सगळ्या जातीधर्मांचं खाणं, नाच, गाणी. आणि आपला हीरो नाचणार आहे. नाही आलीस तर दोस्ती खतम!"

'आपला हीरो' म्हणजे आमच्या तिघांतला तिसरा. नव्वदच्या दशकात आम्ही तिघं नाशिकच्या एकाच कॉलेजात होतो. फिरोज जुन्या नाशकातला, मी पुण्याची हॉस्टेलवाली आणि हा पेठच्या पलीकडच्या डोंगरातला, पाड्यावरून आलेला. आता तो नाशकातच सरकारी नोकरी करतो. त्याचं नाव या पोस्टमध्ये कुठेही येणार नाही. का, ते पुढे वाचताना कळेलच, उगाच घाई करू नका.

आधी कामाची माहिती. पुण्याहून एसटीनं जाणार असाल तर शिवाजीनगरहून सकाळी सहाची गाडी धरा. खिडकी डावीकडची घ्या, उन्हाचा त्रास होत नाही. मोहदरी घाट उतरला की पर्स, स्वेटर गोळा करायला लागा आणि थेट द्वारका चौकात उतरा. तिथे रिक्षा, ट्रक, टेम्पो सगळे एकाच वेळी एकाच दिशेनं जायचं ठरवतात. त्यातून वाट काढत फिरोज त्याची जुनी व्हॅन घेऊन आला तेव्हा साडेअकरा झाले होते. हीरो आधीच मेळ्यात गेला होता.

मेळा म्हणजे एका मोकळ्या मैदानावर टाकलेला मांडव. पण आत गेल्यावर मी हरखून गेले. देवळालीच्या एका सिंधी काकूंनी कुरकुरीत पकवान आणि डाळ हातात ठेवली, पंधरा रुपये. शेजारी केरळी ताई अप्पम काढत होत्या. बंगाली मंडळींकडे मासे बाराच्या आतच संपले होते, त्यावरून एक आजोबा भांडत होते. येवल्याच्या विणकरानं चक्क हातमाग उभा केला होता आणि पैठणीच्या पदरावरचा मोर कसा उठतो ते तो न कंटाळता दाखवत होता. आणि अगदी कडेला, आमच्या मित्राच्या गावच्या बायका चुलीवर नागलीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, भाकरी थापत होत्या. सोबत उडदाचं वरण आणि लसणाची चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. लाज वाटली नाही.

तिथेच त्याचे काका भेटले. ते संबळ वाजवतात. त्यांच्या मांडीशी सुपात तांदूळ पसरून त्यावर लाल फडक्यानं झाकलेलं काहीतरी ठेवलं होतं. ते भैरोबाचं सोंग. त्यांच्या गावी बोहाड्याच्या उत्सवात असे लाकडी मुखवटे नाचवतात आणि हा मुखवटा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे आहे. गेल्या वर्षी वडील गेले, तेव्हापासून तो आमच्या मित्राकडे आला.

"लय फोटो काढा," काका म्हणाले, "पण एक हाय. सोंग डोक्यावर हाय तवर त्याचं नाव घ्यायचं नाय. आमच्या घरची रीत हाय ती. त्या टायमाला तो तुमचा दोस्त नसतो."

"मग कोण असतो?" फिरोजनं विचारलं.

काकांनी फडकं नीट केलं. "नाव नाय घ्यायचं, बस," ते म्हणाले. माझ्या तोंडात घास होता. मी मान डोलावली.

चारच्या सुमारास नाच सुरू झाला. लख्ख ऊन होतं, हे मुद्दाम सांगते. आमचा हा मित्र कॉलेजच्या गॅदरिंगला स्टेजच्या मागे पडदा ओढायचा, इतका लाजाळू. मुखवटा चढवला आणि त्याचे पाय वेगळेच पडायला लागले. मी नवाकोरा डिजिटल कॅमेरा घेऊन पुढे घुसले. पण मुखवटा काही माझ्याकडे वळेना. दर वेळी कान नाहीतर पाठ. मला समोरून, एकदम जवळून फोटो हवा होता. या ब्लॉगसाठीच, खोटं कशाला बोलू.

आणि मी हाक मारली. हॉस्टेलच्या फाटकातून मारायचो तशी, नावाचा शेवट लांबवून. एकदा, दोनदा, तीनदा.

तो थांबला. संबळ थांबलं. मुखवटा सावकाश वळला आणि सरळ माझ्याकडे बघायला लागला. मी बटण दाबलं. डोळ्यांच्या भोकांमागे त्याचे डोळे दिसायला हवे होते. मला ते दिसले नाहीत. मग काकांनी घाईघाईनं पुन्हा संबळ धरलं आणि दोन मिनिटांत नाच आटोपला.

"हाक कोणी मारली?" काकांनी गर्दीकडे बघत विचारलं. मी कॅमेरा पर्समध्ये टाकला आणि गप्प बसले. फिरोज माझ्याकडे बघत होता.

मुखवटा उतरवल्यावर मित्र घामानं निथळत होता, पण हसत होता. काका संध्याकाळच्या एसटीनं सोंग घेऊन गावी गेले. आम्ही तिघं फिरोजच्या घरी जेवलो. त्याच्या अम्मीनं खिमा केला होता. कॉलेजच्या त्याच त्याच आठवणी निघाल्या. मला वाटलं, झालं, सुटले.

रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच मिसळ. नाशकात मिसळीची चर्चा सुरू केली तर मैत्री तुटते, म्हणून ठिकाण सांगत नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर पापड, वाटीत दही, पंचवीस रुपये. मित्र हात धुवायला गेला होता आणि मिसळ आली. फिरोजनं त्याला हाक मारली. तो नळापाशी उभा होता, चार पावलांवर. वळला नाही. फिरोजनं पुन्हा मारली. बाकीची टेबलं वळून बघायला लागली.

तो हात पुसत आला, बसला आणि म्हणाला, "कोणाला बोलावतोयस? अजून कोणी येणार आहे?"

फिरोज हसला. मला हसू येईना. मी त्याचं नाव घेतलं, अगदी हळू, त्याच्या तोंडाकडे बघत. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. "काय म्हणालीस?"

त्याला आम्ही दोघं ठाऊक होतो, ऑफिस ठाऊक होतं, माझ्या हॉस्टेलच्या खोलीचा नंबरही ठाऊक होता. फिरोजनं मित्राच्याच पाकिटातलं लायसन काढून त्याच्यासमोर धरलं. त्यानं नाव मोठ्यानं वाचलं. मग म्हणाला, "फोटो माझ्यासारखा दिसतोय नाही? कोण आहे हा?" आणि पापड मोडून रश्श्यात टाकला.

माझी मिसळ तशीच राहिली. फिरोजचं म्हणणं, "पहले डॉक्टर." ओळखीचे एक डॉक्टर रविवार असूनही भेटले. बीपी ठीक, डोळे ठीक, झोप कमी झाली असेल, उद्या या. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "काकांकडे चल."

पेठ रोड सुंदर आहे, एरवी मी चार परिच्छेद लिहिले असते. नाशिकहून दोनेक तास धरा, सावळ घाटात गाडी जपून चालवा, वाटेत पेट्रोल मिळेलच असं नाही. तो मागच्या सीटवर बसून डोंगरांची नावं सांगत होता. प्रत्येक डोंगराचं नाव त्याला येत होतं.

पाड्यावर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. ओसरीवर काका बसले होते, दारात त्याची आई. आतल्या भिंतीशी सुपात तो मुखवटा, फडकं बाजूला काढलेलं, तोंड भिंतीकडे.

"मावशी," मी चप्पल काढायच्या आधीच बोलले, "हाक मी मारली. काकांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. आता त्याला स्वतःचं नावच ओळखू येत नाही." मला रडू आलं. तिनं मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"आता आईनं हाक मारायची," काका म्हणाले. "आईला ओ दिली त येईल माघारी."

"आन नाय दिली त?" ती म्हणाली. काकांनी भाकरीचं टोपलं तिच्याकडे सरकवलं.

तिनं आधी नागलीची भाकर मुखवट्याच्या मागे ठेवली. मग बाहेर आली. मुलगा अंगणाच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून डोंगर बघत उभा होता. ती कितीतरी वेळ तोंड उघडेना. मग तिनं लहानपणी शेतावरून हाक मारत असेल तशी त्याच्या नावानं हाक मारली.

"आलू वं आई."

ओ आली. पण फिरोज आणि मी, दोघांनीही आधी घराकडे वळून बघितलं. आवाज आतून आला होता. मुखवटा होता त्या खोलीतून. नंतर मित्र वळला, चालत आईपर्यंत आला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

निघताना मी त्याच्याशी नावानं बोलायला गेले, तर मावशीनं माझा हात दाबला. "आज नको बाई. मी मारलेली हाक राहू दे जराशी."

रात्रीच्या गाडीनं पुण्यात आले. सोबत चिवड्याचं पाकीट आणि तो फोटो. फोटो चांगला आलाय, फोकस नेमका आहे. इथे टाकणार नाही.

याला तीन आठवडे झाले. काल त्याचा फोन आला. ऑफिसच्या गप्पा झाल्या, फिरोजच्या व्हॅनची टिंगल झाली. मग तो म्हणाला, "ऐक. आई मारते ती हाक मला ऐकू येते. बाकीच्यांची नाही. ऑफिसात मी त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाजानं ओ देतो. तू हाक मारली होतीस ना तेव्हा? तूच एकदा मारून बघ."

मी गॅलरीत गेले, दार लावून घेतलं. फोन कानाशी घट्ट धरला आणि त्याचं नाव घेतलं. कॅमेऱ्यासाठी मारली होती तशी नाही, जपून, सगळं नाव, वडिलांच्या नावासकट. मग पुन्हा एकदा.

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. तो वाट बघत होता.

"मारलीस का गं?" त्यानं विचारलं.

"नाही अजून," मी म्हणाले.