पॅकिंगचा कान

वहिनी काम करताना दादाशी बोलायची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. तो नदीत वाहून गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पण वहिनी पाना घेऊन गाडीखाली आडवी झाली की तिचं सुरू व्हायचं. "अहो, हा नट हलत नाही हो! तुम्हीच आवळलेला दिसतोय. पुढेमागे कुणाला तरी तो उघडावा लागेल, हे तुमच्या डोक्यात कधी येतं का?" नवं गिऱ्हाईक आधी गाडीखाली वाकून बघायचं, आत आणखी कोण आहे ते. मग माझ्याकडे बघायचं. मी वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढून घ्यायचो. काय सांगणार होतो? बाईचं डोकं ठिकाणावर आहे, फक्त तिचा नवरा अजून कामावर येतो?

आमचं गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड, तेलानं काळी झालेली फरशी आणि मागे दोन खोल्या. एकीत वहिनी, एकीत मी. शेडच्या कोपऱ्यात दादाचं तीन पायांचं लोखंडी स्टूल होतं. त्यावर कुणी बसायचं नाही, असं कुणी कधी बोललं नव्हतं, तरी कुणी बसत नसे. एकदा एक टेम्पोवाला टेकायला गेला, तर गाडीखालून आवाज आला, "तिथं नको हो." वहिनीचे फक्त पाय बाहेर होते. तिला दिसलं कसं, असं तो बिचारा मला हळूच विचारत होता. मी म्हणालो, "बाबा रे, मी इथंच राहतो, मला घाबरवू नकोस."

खरं तर मी घाबरतच होतो. संध्याकाळी शेड बंद करताना मी स्टुलाकडे पाठ करत नसे. वहिनी प्रश्न विचारून थांबायची ना, त्या थांबण्याची मला भीती वाटायची. समोरच्यानं उत्तर द्यावं इतका वेळ ती नेमकी थांबायची. मग मान हलवून "बरं" म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची.

ती काही जन्माची मेकॅनिक नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा शिवणकाम करायची. मी तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो. माझे शाळेचे शर्ट तिनंच शिवले, आणि दादाच्या मारापासून मला वाचवलंही तिनंच, म्हणून मी तिला अजून अगंतुगं करतो. दादाचा हात जुन्या जीपगाड्यांवर बसलेला होता, विशेषतः पुढच्या अ‍ॅक्सलवर. या गाड्यांची पुढची चाकंही इंजिनच्या जोरावर फिरतात. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना लहान मडक्याएवढा पोकळ गोळा असतो, चाक वळतं ते त्याच्यावर. गोळ्यात घट्ट ग्रीस आणि अ‍ॅक्सलच्या पोटात पातळ तेल. दोघांची गाठ पडू नये म्हणून मध्ये रबरी सील. ते एकदा गेलं की तेल गोळ्यात शिरतं, ग्रीसचा पातळ चिखल होतो आणि चाकाच्या आतल्या अंगानं काळे ओघळ येतात. सील बदलायचं तर सगळं उतरवावं लागतं. आणि जिथं लोखंड लोखंडाला भेटतं तिथं मध्ये जाड कागदाचं गॅस्केट हवं. आम्ही त्याला पॅकिंग म्हणतो. इतक्या जुन्या गाड्यांची पॅकिंगं बाजारात मिळत नाहीत, ती हातानंच कापावी लागतात.

दादा ती कापायचा, आणि पुढच्या खेपेला उघडताना फाडायचा. चिकटलेलं पॅकिंग खरवडता खरवडता दुपार जायची आणि शिव्या आम्हाला ऐकाव्या लागायच्या. एक दिवस वहिनी शिवणाची कात्री घेऊन शेडमध्ये आली. लोखंडाच्या तोंडाला ग्रीस फासून तिनं कागदावर त्याचा ठसा घेतला आणि ब्लाउजचा गळा कापावा तसं पॅकिंग कापलं. शिवाय खालच्या अंगाला नखाएवढा एक कान बाहेर सोडला. "हा धरून ओढायचा," ती म्हणाली, "सगळं अख्खं निघेल." कानाचा एक कोपराही तिनं तिरका छाटला. कापडाचं टोक उसवू नये म्हणून ती तसं करायची. कागद काय उसवणार? पण हाताची सवय. दादा हसला, आणि तेव्हापासून तोही कान सोडायला लागला, तिरक्या कोपऱ्यासकट. आमच्याशिवाय असं कुणी करत नाही. त्यात विशेष अक्कल आहे असं नाही, पण करत नाही.

मग ती नदी. पलीकडच्या वाटेवर एक गाडी पाण्यात रुतली होती, ती ओढायला दादा आपली जीप घेऊन गेला. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. जीप खालच्या वळणावर सापडली, दार उघडं. पुढे काठावर त्याचा एक बूट मिळाला. माणूस मिळालाच नाही. आम्ही काठ्या घेऊन झाडाझुडपांत किती फिरलो, ते मला आठवायचं नाही.

शेवटी शोध थांबला, तसं वहिनीनं शेडचं कुलूप उघडलं. दादाचं अर्धवट राहिलेलं काम पुढ्यात घेतलं आणि म्हणाली, "अहो, हे कुठवर आणलं होतंत?" मला वाटलं, हे चार दिवस चालेल. ते चाललंच. तिच्या माहेरचे न्यायला आले, गेली नाही. स्पेअर पार्टच्या दुकानाचा मालक, बायको गेलेला, चांगला सज्जन माणूस, त्यानं माझ्यातर्फे लग्नाचं विचारलं. मी भीतभीत तिच्या कानावर घातलं. ती रागावली नाही. तिला नवलच वाटलं. "भाऊजी, घरात माणूस असताना?" एवढंच म्हणाली. त्या दुकानदारानं पुढे दुसरीकडे लग्न केलं. त्याच्या बायकोची शिवणाची मैत्रीण वहिनीच झाली. पण दादा आपल्या उशापायथ्याशी आहे, या एका गोष्टीवर वहिनीनं आपलं तरुणपण काढलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून पुढचं सांगताना माझं टाळकं सटकतं.

त्या दिवशी दुपारी एक मोजणीदार आला. डोंगरापलीकडे जमिनी मोजत फिरणारा, बोलका, खिशात कायम शेंगदाणे. त्याच्या जुन्या जीपचं डावं पुढचं चाक आतून काळं झालं होतं. "गेल्या उन्हाळ्यातच तिकडे उघडून घेतलं होतं," तो म्हणाला. "काम चांगलं केलं होतं हो, पण मीच नंतर गाडी कमरेएवढ्या पाण्यात घातली."

वहिनीनं गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. चाक काढलं, ब्रेक काढून तारेनं वर टांगला, हब उतरवला. हात चालू होते आणि तोंडही. "बघा हो, किती स्वच्छ ठेवलंय आत. नाहीतर तुम्ही! चिंधी म्हणून माझी चांगली ओढणी घेतली होतीत." मी पलीकडे सायलेन्सर जोडत होतो. मोजणीदार शेंगदाणे खात कौतुकानं ऐकत होता. बहुतेक त्याला वाटलं, ती माझ्याशीच बोलतेय.

मग ती गप्प झाली.

वर्षानुवर्षं एखादा पंखा घरघरत असतो आणि वीज गेली की आपण दचकतो, तसा मी दचकलो. चष्मा वर केला. वहिनी फरशीवर मांडी घालून बसली होती. तिच्या हातात तेलानं भिजलेलं जुनं पॅकिंग होतं, अख्खं, कुठंही न फाटलेलं. तिनं ते कानाला धरून उजेडात उचललं. कानाचा एक कोपरा तिरका छाटलेला होता.

मी जवळ गेलो. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की दादाचं भूत आता पॅकिंगंही कापायला लागलं. मग डोकं चालू झालं. गेल्या उन्हाळ्यात भुतं गाड्या दुरुस्त करत नाहीत.

"हे तिकडे कुणी कापलं?" मी मोजणीदाराला विचारलं.

"तिथल्या मिस्त्रीनंच. मी समोर उभा होतो. छान हात आहे त्याचा. एका करंगळीचं पेर नाही, तरी कात्री अशी चालवतो!"

ते पेर इंजिनच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलं होतं. दादाच्या डाव्या हाताचं. मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं.

"डाव्या?" मी विचारलं.

"हो, डाव्याच. ओळखीचा का?" मोजणीदाराला आता बोलायला विषय मिळाला. "भला माणूस. नदीच्या अलीकडचं काम मात्र घेत नाही म्हणतात, कितीही बोलवा. एक लहान मुलगी आहे त्याची, दिवसभर बेअरिंगच्या गोळ्यांशी खेळते. बायको..." माझा चेहरा बघून तो थांबला. शेंगदाण्याची पुडी त्यानं खिशात टाकली.

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. ती पॅकिंगकडेच बघत होती. तिनं एकच प्रश्न विचारला.

"काम करताना तो कुणाशी बोलतो का?"

"बोलतो? छे हो," मोजणीदार म्हणाला. "एक शब्द नाही. शिटी वाजवत असतो."

दादाला आमच्या घरात शिटी वाजवताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो गरीब गाय, मान खाली घालून वावरणारा. खाली मुंडी पाताळ धुंडी ही म्हण मला तोवर उगाचच वाटायची. तो का गेला, हे मला आजही माहीत नाही, आणि त्याच्या बाजूनं कारणं रचत बसायला मी त्याचा वकील नाही. मी हातातला हातोडा तसाच घेऊन बाहेर निघालो. "पत्ता सांगा त्याचा," मी मोजणीदाराला म्हणालो. "आत्ता जातो. कॉलर धरून आणतो आणि या फरशीवर बसवतो. बूट सोडून गेला होता ना? दुसराही काढून तोच त्याच्या..."

"भाऊजी," वहिनी म्हणाली. "आधी सील बसू दे."

"अगं वहिनी, सील काय घेऊन बसलीस! तुला कळतंय का, तो..."

"कळतंय. गाडीला इथवरची वाट सापडली. त्याला माहीत नव्हती का?" ती म्हणाली. आजवर ती दादाबद्दल कधी एकेरी बोलली नव्हती. "तुम्हाला जायचं तर जा. आल्यावर मला काही सांगू नका."

मी गेलो नाही. तिथंच उभा राहिलो, हातोडा घेऊन, मूर्खासारखा.

तिनं गोळा डिझेलनं धुतला. जुनं सील आकडीनं उपटून काढलं आणि नव्याच्या ओठाला करंगळीनं ग्रीस लावलं. पाइपाचा तुकडा टेकवून ते हलक्या हातानं सरळ आत ठोकलं. मग चाक फिरवणारा शाफ्ट उचलला. तो जड असतो, आणि आत घालताना जरा जरी झुकला तर त्याचे दाते नव्या सीलला चिरतात, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी हात द्यायला पुढे झालो, तिनं मान हलवली. दोन्ही हातांवर तोलून तिनं तो आत नेला.   गोळ्यात नवं ग्रीस दाबून भरलं, ओंजळीनं, कडेपर्यंत.

मग तिनं शिवणाची कात्री काढली, ठसा घेतला आणि पॅकिंग कापायला बसली. कात्री कडेकडेनं फिरत खालच्या अंगाला आली. तिथं ती क्षणभर थांबली. उत्तराची वाट बघत थांबायची ना, तेवढीच थांबली. नंतर कात्री तशीच पुढे गेली, गोल. पॅकिंग हातात आलं ते सगळीकडून सारखं होतं.

"कान?" माझ्या तोंडून गेलं.

"कशाला? पुढे जो उघडेल तो बघून घेईल."

चाक चढलं. मोजणीदार फारसं न बोलता गाडी घेऊन गेला. डोंगरापलीकडे त्या गाडीचं ते चाक पुन्हा कधी उघडलं गेलंच, तर दादाला आत पॅकिंग सापडेल. कुणीही कापलं असेल असं. जुनं पॅकिंग वहिनीनं तेलकट चिंध्यांच्या पिंपात टाकलं होतं. मी ते उचलून बघितलं आणि परत टाकलं.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. ती रडली असती, तिनं भांडी आपटली असती तर मला चाललं असतं. ती कामाला येत होती, जेवत होती, गिऱ्हाइकांशी नीट वागत होती. पण गाडीखाली गेली की आवाज नाही. फक्त लोखंडाचा. दादा मेला होता तेव्हा शेड भरलेली असायची, आणि आता तो जिवंत निघाला तर तिथं कुणीच नव्हतं. मी मुद्दाम सायलेन्सर जोरजोरात ठोकत बसायचो. स्टुलावर एक दिवस ग्रीसचा डबा दिसला, वहिनीनंच ठेवलेला. मला तो डबा बघवेना. ज्या स्टुलाला मी भ्यायचो, त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग एका सकाळी एक जुनी जीप आली, तेच दुखणं, तेच ओघळ. वहिनी चाकाशी बसली. नट गंजून बसला होता. तिनं दोनदा जोर लावला, तिसऱ्यांदा पाय टेकवून लावला. हलेना.

"अहो," ती म्हणाली.

मी हातातलं काम थांबवलं. तीही थांबली. शेडमध्ये काही हललं नाही. 

मग तिनं मान वळवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे हात पुढे केला.

"भाऊजी, जरा तो मोठा पाना देता का?"

मी दिला. आणि पलीकडून धरायला खाली बसलो.