दोराचं दुसरं टोक

निजामाच्या अमलात मी चौसाळ्याला मास्तर होतो. शाळेसमोर एक म्हातारा रोज अंबाडीचे दोर वळायचा आणि दुसरं टोक त्याची बायको धरायची. दोघंही ख्रिस्ती, पण मिशनं वेगळी; तो प्रोटेस्टंट, ती रोमन कॅथलिक. त्याचे पाद्री तिला ‘रोमी’ म्हणत, तिचे फादर त्याला ‘पाखंडी’. खरे ख्रिस्ती आपणच, असं दोन्ही मिशनांचं म्हणणं.

एकदा पाद्रीसाहेबांनी त्याला बजावलं, ती आपल्या मंडळीत येत नसेल तर वेगळा राहा.

“मग काय म्हणालात?” मी विचारलं.

बोटांना थुंकी लावून त्यानं पीळ घातला. “म्हनलं, ऱ्हातो की साहेब. पन मग दोराचं दुसरं टोक तुमी धरा.”

पलीकडून म्हातारी ओरडली, “गप्पा बंद करा की. ताण ढिला व्हायलाय.”

कुठल्याच मिशनाला न बधणारा तो म्हातारा मुकाट्यानं एक पाऊल मागं सरला.