न वाढणारा ससा

न वाढणारा ससा जगात नाही. हे वाक्य मी आमच्या सशांच्या बराखीच्या दारावर खडूने लिहून ठेवलं होतं. तरी येणारा प्रत्येक माणूस ते वाचायचा, आत यायचा आणि विचारायचा, "वैनी, हे एवढंच राहील ना?"

"एवढंच" म्हणजे सहा आठवड्यांचं पिल्लू, तळहातावर मावणारं. ओझरला गणपतीचं दर्शन घेऊन परतणारी शहरातली कुटुंबं आमच्याकडे वळायची आणि मोबाईलवर चहाच्या कपात बसलेला ससा दाखवायची. तो ससा दोन महिन्यांनी कपात मावत नाही, हे त्या व्हिडिओत नसतं. ज्यांच्या घरात मुलांना दर जूनमध्ये मोठे बूट लागतात, ती शिकलेली माणसं सशाला मात्र वाढू नकोस म्हणतात. मी त्यांना पूर्ण वाढलेली जोडी दाखवायची. माणसं हिरमुसायची. जणू मी फसवलं होतं.

विकणारे तर त्यांच्याही पुढचे. आंबेगावच्या एका गावात एक जण पिल्लांना अर्धाच खुराक द्यायचा, म्हणजे लहान राहतील. ती लहान राहत नव्हती, हडकुळी राहत होती. दुसरा तीन आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून "दोन महिन्यांचं आहे, बघा किती बुटकं" म्हणून विकायचा. असली पिल्लं घरी नेल्यावर हगवण लागून मरतात आणि लोक म्हणतात, ससे नाजूक असतात.

आम्ही असलं काही करत नव्हतो, याचा मला फार अभिमान होता.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ. कांदा साठवायचा नाही, काढल्या काढल्या मार्केटला घालायचा, असं घरात ठरलं आणि कांद्याची बराख रिकामी पडली. ती आम्ही दोघींनी घेतली. मुंगूस किंवा बिबट्या शिरू नये म्हणून दुहेरी जाळी मारली आणि बुटक्या जातीचे सहा ससे आणले. चारा, सफाई आणि पिल्लं तिच्याकडे. वजनं, औषधं आणि वही माझ्याकडे. दर शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरातला काटा आणि स्टीलचं पातेलं घेऊन मी बराखीत जायची. प्रत्येक सशाला त्याच्या पिंजऱ्याचा नंबर, प्रत्येक नंबरला पान.

वजनं लिहायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही की एका वेताची भावंडं एकसारखी वाढतच नाहीत. आई एक, बाप एक, चाऱ्याचा लसूणघास एकाच वाफ्यातला. एक मादी नऊशे ग्रॅमवर थांबते आणि तिची सख्खी बहीण दीड किलोवर जाते, लांब कान आणि लांबोडकं तोंड घेऊन. गिऱ्हाइकाला ही बहीण नको असते. म्हणून मी नियम केला: पाच महिन्यांना सव्वा किलोच्या वर गेलेली मादी पैदाशीतून बाद. लहानाला फक्त लहान लावायचं. नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि खाली दोनदा रेघ मारली.

जावेची पद्धत वेगळी होती. एका सकाळी मी काटा घेऊन लवकर गेले, तर तिने पिल्लांची पेटी जमिनीवर ठेवलेली आणि लुगडं वर खोचून ती पेटी ओलांडत होती.

"काय चाललंय गं हे?"

"काय न्हाई अक्का."

"काय नाही कसं? ओलांडतेस कशाला त्यांना?"

ती आधी लाजली, मग फणकारली. "झोपल्यालं पोर वलांडलं की वाढ खुंटती. आपल्याला खुंटायलाच पायजे ना? मग? रोज एकडाव वलांडती. परत उलटं नाय येत, उलटं आलं की फिटतंय."

"आणि किती दिवस चाललंय हे?"

"पयल्या वेतापास्नं."

मी इतकी हसले की ससे पिंजऱ्यात उड्या मारायला लागले. घरी जेवताना सगळ्यांना सांगितलं. दीर म्हणाले, "मला बी वलांडलं असंल हिनं, म्हणून मी असा." ती ताटावरून उठून गेली. मी वही दाखवून तिला ऐकवलं की ओलांडलेल्या पिल्लांपैकीही निम्मी वाढलेली आहेत, तेव्हा तिचं लुगडं उगाच मळतंय.

पण तिला हसताना एक गोष्ट मी बाजूला ठेवली होती. आमची पिल्लं मरत होती. जवळजवळ प्रत्येक वेतात एखादं तरी जन्मतःच भावंडांच्या निम्मं असायचं. डोकं फुगीर, कान उडदाच्या दाण्याएवढे, मागचा भाग चिमटून काढल्यासारखा. ते दूध ओढायचं नाही आणि तीन-चार दिवसांत जायचं. पिल्लं जावेकडे होती, त्यामुळे वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहायची, "हाताळणीत हलगर्जी". दोन वर्षं लिहिलं. ती वही वाचत नाही असा माझा समज होता.

ती वाचत होती. आणि माझ्या शेऱ्यापेक्षा वाईट काहीतरी तिच्या मनात होतं. तिला वाटत होतं की आपल्या ओलांडण्यानं वाढ जरा जास्तच खुंटते आणि म्हणून ती मरतात. तिने ओलांडणं बंद केलं, तरी मरायची थांबेनात. हे मला नंतर कळलं.

अशात सात नंबरचे पाच महिने भरले. सात नंबर जावेची लाडकी मादी. आईचं दूध आटल्यावर तिने तिला कापसाच्या बोळ्याने वाढवलं होतं. काट्यावर एक किलो चारशे ऐंशी. मी नावावर फुली मारली आणि निमगाव सावाच्या एका भाऊंना फोन केला. ते खाण्यासाठी मोठे ससे पाळतात. येतो म्हणाले, पण आज-उद्या करत महिना गेला. मला वाटलं तेवढा महिना सात नंबर फुकटचा घास खातेय.

भाऊ येणार त्याच्या दोन दिवस आधी मी पिंजऱ्यात बघते, तर सात नंबर स्वतःच्या पोटाचे केस उपटून पेटीत पिल्लांसाठी अंथरत होती.

"हिला नर कोणी दाखवला?"

"मी," जाऊ म्हणाली. घास कापायचा विळा तिच्या हातात होता आणि तो तिने खाली ठेवला नाही. "तुमी फोन केला त्याच दिशी. येकदा व्याली तर ऱ्हाईल म्हणलं."

"नियम काय आहे?"

"नियम तुमचा. मादी माझी."

"पिल्लं महिन्या-दीड महिन्याची झाली की जाणार ती. सांगून ठेवते."

"बगू."

भाऊंना मी पुढची तारीख दिली. सात नंबर शुक्रवारी पहाटे व्यायली. पाच पिल्लं. मी काटा आणला. तीन लहान, दोन जरा मोठी, फुगीर डोक्याचं एकही नाही. मी वहीत लिहिलं, "वाट बघणे". चौथ्या दिवशी पाच. आठव्या दिवशी पाच. दूध इतकं की पिल्लांची पोटं लिंबासारखी गोल. पाचच्या पाच जगलेलं वेत आमच्या वहीत दुसरं नव्हतं, आणि माझ्यासारख्या बाईला अपवाद सहन होत नाही.

त्या दुपारी मी वही काढली. दोन वर्षं मी सगळं तारखेप्रमाणे लिहिलं होतं. आता आई-बापांप्रमाणे नव्याने मांडलं. मेलेलं प्रत्येक पिल्लू लहान आई आणि लहान बापाचं होतं. दुसरं काही असणारच कसं? मोठ्या आईचं पिल्लू मी होऊच दिलं नव्हतं.

आमच्या गाई बघायचे ते पशुवैद्य आता निवृत्त होऊन मंचरला राहतात. त्यांना फोन केला आणि मेलेली पिल्लं, सात नंबरचं वेत, सगळं सांगितलं.

"लहानाला लहान लावताय का?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"हो. मुद्दाम."

"मग मरणारच. बुटकेपणा एका बाजूने आला तर ससा लहान राहतो, दोन्हीकडून आला तर पिल्लू जगत नाही. तुमच्या त्या मोठ्या मादीत तो नाहीच, म्हणून ती मोठी. तिला बुटका नर लावायचा. साधारण निम्मी लहान होतील, निम्मी मोठी, आणि तसलं मरणारं एकही नाही. पैदाशीला मोठीच मादी ठेवतात ताई. तुम्ही काय करत होता तिचं?"

"रश्श्याला देत होते," मी म्हटलं. ते हसले. मी तेव्हा जेवताना हसले होते तसेच.

जावेला सांगायचं होतं. ती ओट्यावर घास निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या शब्दांत, कारण माझे शब्द जमत नव्हते.

तिने हातातली जुडी खाली ठेवली. "म्हंजी माझ्या वलांडन्यानं न्हाई मेली?"

"नाही."

"हलगर्जीनं बी न्हाई?"

"नाही."

"मग?"

"माझ्या नियमानं."

"दोन वर्सं," ती म्हणाली. "रातीला झोप नव्हती मला, अक्का. आन् तुमी शुक्रवार शुक्रवार पातेलं घिऊन येत व्हता."

मी वही तिच्यापुढे ठेवली आणि तिच्या देखत एकेक शेरा खोडत गेले. एक पान मी उलटून पुढे गेले, तर तिने बोट ठेवून मागे आणलं. "ह्यो ऱ्हायला."

पिल्लं सहा आठवड्यांची झाली आणि निमगावचे भाऊ मोटरसायकलला मागे बांबूचं डालगं बांधून हजर झाले. मी त्यांना येऊ नका म्हणून फोन करायला विसरले होते. मी, जी गॅस सिलेंडरची तारीखही लिहून ठेवते.

"कुठंय वैनी ती मोठी?"

जाऊ पिंजऱ्यापुढे उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही.

"ती नाही द्यायची," मी म्हटलं.

"आता? तुमीच म्हणलात बाद मादी हाय."

"चूक झाली माझी. हवं तर जास्तीचे दोन नर न्या."

त्यांनी एक नर कानामागे धरून तोलला आणि परत ठेवला. "ह्याच्यात काय रस्सा व्हनार, राव? वाटीभर बी न्हाई." चहा मात्र प्याले. रिकामं डालगं घेऊन जाताना म्हणाले, "पुढल्या बारीला मोठी निघाली की सांगा."

"मोठी आता निघायची नाही," जाऊ म्हणाली. "मोठी ठेवायची असती, पावणं."

गाडी बांधावरून रस्त्याला लागेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग वळून म्हणाली, "ह्या वेताच्या दोन मोठ्या पोरी बी ऱ्हातील."

"राहतील."

"आन् नर कोंचा लावायचा ते मी ठरवीन. तुमी फक्त ल्ह्या."