ओढायची करवत

रोज सकाळी चहाचा कप हातात येण्याआधी पंढरीनाथ जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर अंगठा दाबत. टेबल टक् करून कलत असे. "डुलतंय," ते म्हणत, आणि सुपरमार्केटच्या जाहिरातीच्या कागदाची घडी करून पायाखाली सरकवत. दिवसभरात घडी चपटी होई. दुसऱ्या सकाळी पुन्हा अंगठा, पुन्हा टक्, पुन्हा "डुलतंय."

साताऱ्याच्या आयटीआयमध्ये त्यांनी चौतीस वर्षं मुलांना सुतारकाम शिकवलं होतं. आता तीन महिन्यांच्या व्हिसावर ते जपानला, सेंदाई शहरात मुलीकडे आले होते. विभा विद्यापीठात संशोधन करायची. तिचा नवरा धीरज कावासाकीला नोकरीला होता, जमेल त्या शनिवारी यायचा. नऊ वर्षांची मैथिली आजोबांच्या मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं द्यायची आणि आजोबा ती मान डोलावून स्वीकारायचे. फ्लॅटमध्ये एकही हत्यार नव्हतं, आणि असतं तरी ठोकाठोकी शेजाऱ्यांना चालली नसती. एकदा इमारतीच्या कचऱ्याच्या जागेवर त्यांना एक लाकडी खुर्ची दिसली.

"नुसता पाय सुटलाय. दहा मिनिटांचं काम आहे."

"बाबा, स्टिकर लावलंय तिला. पालिकेची गाडी नेणार. आपण उचलायची नसते."

"म्हणजे जिवंतपणीच मृत्यूचा दाखला दिला म्हणायचा," ते म्हणाले आणि जिना चढेपर्यंत मागे वळून बघत राहिले.

महिना झाला आणि एका गुरुवारी विभा लवकर घरी आली. दार उघडताना तिला आतून त्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. पुण्यात तिच्या भावाशी, रणजितशी बोलत होते.

"अलीकडच्या तारखेचं तिकीट मिळतंय का बघ. नाही रे, सगळे प्रेमानं करतात. पण मी आपला पाहुण्यासारखा बसून असतो. हातांना सवय नाही."

विभा बूट हातात धरून तशीच उभी राहिली. या तीन महिन्यांसाठी ती पाच वर्षं वाट बघत होती. थांबा म्हटलं असतं तर बाबा थांबलेही असते, आणि रोज अंगठ्यानं टेबल दाबत दिवस मोजत बसले असते. रात्रीच्या जेवणाआधी तिनं शनिवारच्या एका सहलीच्या तीन जागा तेवढ्या घेऊन टाकल्या.

डोंगरात बारा घरांचं एक गाव होतं. तिथल्या लोकांनी तीस वर्षांपूर्वी आपल्या मर्जीनं वीज आणि मोटारी सोडल्या होत्या. शेती हातानं, सामान घोड्याच्या गाडीतून. शनिवारी दहा पाहुणे घ्यायचे, जास्त नाही.

"माणसं बघायला तिकीट काढून जायचं?" बसमध्ये पंढरीनाथ म्हणाले. "आपल्या घरी कुणी असं आलं असतं तर तुझ्या आजीनं झाडू हातात घेतला असता."

"मलाही थोडं विचित्र वाटतंय," विभा म्हणाली. "नाही आवडलं तर लगेच परतू."

गावाच्या तोंडाशी एका बाईंनी सगळ्यांचे फोन वेताच्या टोपलीत घेतले आणि नियम सांगितले. माणसांचे फोटो नाहीत. घरात डोकावणं नाही. आणि जेवणाआधी प्रत्येकानं अर्धा तास गावाचं काम करायचं. मैथिलीनं हे आजोबांना मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच नीट उभे राहिले.

"अर्धाच तास?"

वयाकडे बघून त्यांना मुळे सोलायला बसवलं. मागच्या वावरात कापलेला भात काठ्यांवर उलटा टांगून ठेवला होता, उन्हात पिवळा दिसत होता. पंढरीनाथांनी दोन मुळे सोलले. तिसरा हातातच राहिला. कुठूनतरी करवतीचा आवाज येत होता. ते उठले आणि आवाजाच्या दिशेनं चालू लागले. बाईंकडे बघून चार वेळा वाकत विभा त्यांच्या मागे धावली, आणि तिच्यामागे मैथिली.

छपराखाली ऐंशीच्या घरातले एक आजोबा जमिनीवर बसून लाकूड कापत होते. कोन्नो-सान त्यांचं नाव. झाडावरची पर्सिमनची केशरी फळं काढायला शिडी बनवणं चाललं होतं. दोन लांब दांडे तयार होते, पायऱ्या व्हायच्या होत्या. लाकूड त्यांनी पायाच्या तळव्याखाली दाबून धरलं होतं.

"विभा, पाय बघ," पंढरीनाथ जवळजवळ ओरडलेच. "माझे वडील असंच धरायचे! मी पोरांना जन्मभर ओरडलो, शिकंज्यात धरा, पाय तोडून घ्याल म्हणून."

मैथिलीनं काहीतरी सांगितलं असावं. कोन्नो-साननी त्यांच्या हातांकडे पाहिलं, बोटांवरचे जुने वण पाहिले, आणि करवत पुढे केली.

पंढरीनाथांनी चप्पल काढली, लाकूड पायाखाली घेतलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं करवत पुढे रेटली. पातळ पातं धनुष्यासारखं वाकलं आणि अडकलं. त्यांनी पुन्हा रेटली. पुन्हा वाकलं. त्यांचे कान लाल झाले. विभाला वाटलं, संपलं. आता परतीच्या बसमध्ये ते तिकिटाचं बोलतील.

"हीते, हीते," कोन्नो-सान म्हणाले.

"आजोबा, पुल! म्हणजे..." मैथिली शब्द शोधत हवेतच दोरी ओढू लागली. "ओढा! पुश नाही, ओढा!"

"ओढायची? करवत?"

"हो!"

त्यांनी ओढली. पातं सरळ झालं आणि लाकडात लोण्यासारखं उतरलं. भुशाची बारीक धार त्यांच्या अंगठ्यावर पडली. ते थांबले, काप निरखला, आणि खो खो हसायला लागले.

"चौतीस वर्षं, विभा! चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, रेटा! आणि इकडे उलटं करून कसं सुरेख कापतात बघ!"

कोन्नो-सानही हसले आणि भरभर काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?"

"मला पण नाही कळलं," मैथिली म्हणाली. "ते आजोबा-जपानी आहे."

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. जेवणातलं सूप निवलं. मैथिली मध्ये उकिडवी बसून इकडचे शब्द तिकडे करत होती. पटाशीला काय म्हणतात हे आजोबांना विचारायचं, कोन्नो-सानना दाखवायचं, त्यांचा शब्द आजोबांना द्यायचा. खिळा न मारता सांध्यात पायरी बसवताना दोघं आजोबा एकाच वेळी श्वास रोखून होते. ती बसली. कोन्नो-साननी आधी दांड्यांवरच्या रिकाम्या खाचांवर बोट नाचवलं, मग कललेल्या सूर्याकडे दाखवलं.

"आठमधली एक झाली," मैथिलीनं सांगितलं. "पुढच्या शनिवारी या म्हणतात."

परतीच्या बसमध्ये पंढरीनाथ खिशातला लाकडाचा तुकडा चाचपत होते. घरी आल्यावर त्यांनी भाजीच्या सुरीनं तो तासून पाचर केली आणि टेबलाच्या पायाखाली बसवली.

"लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात," विभा म्हणाली. "तुम्ही माझ्या टेबलाला मारलीत."

त्यांनी कोपऱ्यावर अंगठा दाबला. टेबल गप्प. मग समोरच्या कोपऱ्यावर दाबला. टक्.

"आता पलीकडून डुलतंय," ते समाधानानं म्हणाले.

मग त्यांनी रणजितला फोन लावला. विभा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिनं नळ बंद केला.

"अरे, तिकिटाचं राहू दे. आहे त्याच तारखेला येतो. नाही, नाही, तब्येत उत्तम. सात पायऱ्या राहिल्यात." पलीकडून रणजितनं बहुतेक कसल्या पायऱ्या असं विचारलं. "आल्यावर सांगतो. करवत ओढायची असते, एवढं लक्षात ठेव."

फोन ठेवून ते ओट्यापाशी आले. विभानं वळून पाहिलं नाही. तिला डोळे पुसायला एक क्षण हवा होता.

"विभा," ते म्हणाले, "शनिवारी डब्यात शेंगदाण्याची चटणी दे. त्यांचं जेवण फार अळणी आहे गं."