आसाकुसाच्या चौकीतल्या काकू

काकू जपानमध्ये सगळ्यांशी मराठीत बोलल्या. नारिता विमानतळाबाहेर बसच्या ड्रायव्हरला त्यांनी बजावलं, "बॅग आडवी नको ठेवूस हो, आत काचेची बरणी आहे." त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला आणि बॅग उभीच ठेवली. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, कळतं माणसाला."

मी तेव्हा टोकियोत ओजिमाला राहत होते. नवरा सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. मी वॉर्ड ऑफिसच्या वर्गात कामापुरतं जपानी शिकले होते आणि एका टूर कंपनीनं मला पहिल्यांदाच काम दिलं होतं: पुण्याहून येणाऱ्या बावीस जणांसोबत पहिला दिवस काढायचा. त्यांचा टूर लीडर होता, पण त्याला जपानी येत नव्हतं. कोणी हरवलं तर काय, या धास्तीनं मला आदल्या रात्री झोप लागली नव्हती.

त्या बावीस जणांतल्याच या काकू बसमध्ये माझ्या मागच्याच सीटवर बसल्या. एकच गोष्ट चारदा विचारायची त्यांना सवय होती. "नागोया किती लांब गं?" मी म्हटलं, चौथ्या दिवशी ट्रेननं क्योतोला जाताना वाटेत लागेल. "मग गाडी थांबते ना तिथे?" "थांबते, पण आपण उतरणार नाही, काकू." थोड्या वेळानं पुन्हा तेच. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आसाकुसाच्या देवळातून बाहेर पडल्यावर डोकी मोजली, तर एकवीस. काकू नव्हत्या. टूर लीडर बाकीच्यांना जेवायला घेऊन गेला आणि मी गल्ल्यागल्ल्यांतून पळत सुटले. त्यांच्याकडे फोन नव्हता, भाषा नव्हती. जवळच नदी होती, तिचाही विचार मनात येऊन गेला. पाऊण तासानं माझा मोबाइल वाजला. पोलीस चौकीतून फोन होता. काकूंच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर माझा नंबर होता.

चौकीत काकू घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या, हातात चहाचा कप. समोर एक वयस्क पोलीस जपानचा नकाशा पसरून बसला होता आणि काकू एका जुन्या पाकिटावरच्या पत्त्यावर बोट ठेवून त्याला मराठीत सगळं समजावून सांगत होत्या. मला रडू फुटलं.

"न सांगता कशा गेलात तुम्ही?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

मग त्यांनी सांगितलं. मुलगा नंदन नागोयात इंजिनियर. आधी दर रविवारी फोन यायचा. मग महिन्यातून एकदा, आणि तोही 'छान चाललंय' एवढाच. आता चार महिने नंबरच लागत नव्हता. घरी त्या सांगून आल्या होत्या की, देवळं बघायला चाललेय. "भीती वाटली की मी जास्त बोलते," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तोंड मिटतच नाहीये."

मी नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. नागोयातल्या मराठी मंडळींत त्याची ओळख होती. तासाभरात नंदनचा नवा नंबर मिळाला आणि खरी गोष्टही. हिवाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. एका मित्राच्या खोलीत राहून तो जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात काम करत होता. हे मी काकूंना कसं सांगावं ते मला सुचेना, पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "जिवंत आहे ना?"

फोन लागला तेव्हा त्या अगदी शांतपणे बोलल्या. "नंदू, मी टोकियोत आहे. पोलीस चौकीत."

पलीकडून काहीतरी घाबरलेलं ऐकू आलं.

"काही केलं नाही रे मी. तुझा पत्ता विचारायला आलेय."

संध्याकाळी तो बुलेट ट्रेननं आला. हॉटेलच्या लॉबीत एक वाळलेला, दाढी वाढलेला मुलगा दाराशीच उभा राहिला. काकूंनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. "ओरडायला नाही आले, परत चल म्हणायलाही नाही. तुझं ते 'छान' मला ऐकवेना, म्हणून आले." त्यानं तोंड ओंजळीत लपवलं. मी खोल्यांच्या किल्ल्या वाटायला निघून गेले.

माझं काम त्या दिवसापुरतंच होतं. निघताना काकू दारापर्यंत आल्या.

"तुझी आई कुठे असते?"

"साताऱ्याला."

"तिला काय सांगतेस फोनवर?"

मी पर्समध्ये ट्रेनचा पास शोधू लागले. त्यांनी माझा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि त्या आत गेल्या. त्यानंतर त्यांची माझी कधी भेट झाली नाही.

त्या वर्षीच्या जानेवारीत, गरोदरपणाचा तिसरा महिना संपता संपता, माझं बाळ गेलं होतं. आईला मी सर्दी झाली होती म्हणून सांगितलं होतं. पुढच्या रविवारी फोन केला आणि पहिल्याच वाक्यात खरं ते सांगून टाकलं.

मग आई म्हणाली, "पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात गं?"